राम्बॉक की एंडत्साइट? कमी पैशातले जर्मन झॉम्बीपट निवडताना

'राम्बॉक'बद्दलची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार कथेबद्दल नाही, लांबीबद्दल आहे. जेमतेम ६४ मिनिटांचा चित्रपट. डिस्कचे पैसे मोजलेला माणूस म्हणतो, हा कसला चित्रपट, हा तर मालिकेचा एक भाग झाला. दुसरा त्याच ६४ मिनिटांसाठी त्याला डोक्यावर घेतो, कारण एकही प्रसंग भरताड नाही. 'एंडत्साइट'चं नेमकं उलट आहे. तो ९० मिनिटांचा आहे, आणि काहींना त्यातली मधली ३० मिनिटं म्हणजे चित्रपटाचा आत्मा वाटतात, तर काहींना डुलकी काढायची जागा.

दोन्ही जर्मन, दोन्ही कमी पैशातले, दोन्हींत साथ आलेली आणि माणसं पिसाळलेली. तरी एकाच्या चाहत्याला दुसरा आवडेलच असं अजिबात नाही. दोन्हींवरची मतं वाचली की लक्षात येतं, भांडण चित्रपट चांगला की वाईट याचं नाहीच. प्रेक्षक कसला झॉम्बीपट बघायला बसला होता, याचं आहे. म्हणून इथे गुण देण्यापेक्षा कोणाचं काय खटकतं आणि का, ते बघू. शेवटी तिसरा एक रस्ताही आहे, लालभडक. त्याच्या वाटेला जाण्याआधी चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

एका चौकातली साथ

'राम्बॉक' २०१० चा. दिग्दर्शक मार्विन क्रेन, मूळचा व्हिएन्नाचा. पुढे 'फोर ब्लॉक्स' या बर्लिनच्या टोळीमालिकेमुळे त्याचं नाव झालं. लेखन बेन्यामिन हेस्लरचं. यामागे झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीचा 'दास क्लाइने फेर्नझेश्पील' हा विभाग होता. नवख्या दिग्दर्शकांना पहिली संधी देण्यासाठी तो १९६३ पासून चालू आहे. लांबी इतकी आटोपशीर का, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. थिएटरच्या तिकिटाचं गणित मांडून बेतलेला हा चित्रपट नव्हे.

गोष्ट दोन ओळींची. व्हिएन्नाचा मिखाएल आपल्या सोडून गेलेल्या प्रेयसीला, गाबीला, घराच्या किल्ल्या परत द्यायला बर्लिनला येतो. किल्ल्या हा बहाणा. तिला परत मिळवायचं हा खरा बेत. गाबी घरात नाही. घरात आहेत दुरुस्तीला आलेला कारागीर आणि त्याच्या हाताखालचा पोरगा हार्पर. कारागीर पिसाळतो, दार लावून घ्यावं लागतं, आणि पुढचा जवळपास सगळा चित्रपट एका इमारतीत आणि तिच्या आतल्या चौकात घडतो.

हा चौक नीट समजून घ्या, कारण चित्रपटाचा अर्धा खेळ त्यावर उभा आहे. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये कामगारांसाठी चार-पाच मजली भाड्याच्या इमारती एकीला एक चिकटून उठल्या. पुढची इमारत, मागची इमारत, बाजूचे पंख आणि मधे उघडा चौक. १८५३ च्या बांधकाम नियमात चौकाचं किमान माप ठरलं ५.३४ मीटर बाय ५.३४ मीटर, म्हणजे साधारण साडेसतरा फूट. हवा-उजेडाचा विचार करून नव्हे, तर आग लागली तर बंबाची गाडी आत वळली पाहिजे म्हणून. अशा चौकात समोरच्याची खिडकी आपल्या खिडकीसमोर येते आणि कोणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. गिरगावातली चाळ किंवा पुण्यातला वाडा पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की बर्लिनच्या या चौकात शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत, आणि साथ आल्यावर पहिल्यांदा खिडक्यांतून बोलायला लागतात.

चित्रपटातला सगळ्यात पक्का भाग तोच. खाली चौकात पिसाळलेले धावताहेत, वर चार खिडक्यांत चार माणसं एकमेकांशी सौदा करताहेत. कोणाकडे खायला आहे, कोणाकडे झोपेच्या गोळ्या. गोळ्यांना भाव का, तर इथल्या साथीचा नियमच तसा आहे. चावा बसला म्हणजे लगेच खेळ संपला असं नाही. विषाणू अंगात असतो, पण माणूस खवळला, घाबरला, अ‍ॅड्रेनलिन उसळलं, की तो पलटतो. शांत राहिलात तर वाचाल. डोक्यावर बर्फ ठेवणं हा इथे अक्षरशः जगण्याचा उपाय आहे, आणि गुंगीची गोळी म्हणजे उसनं आयुष्य.

ही एक कल्पना पैसे वाचवते आणि गोष्टही चालवते. शेकडो पिसाळलेले दाखवायची गरज पडत नाही, कारण भीती घराच्या आत येऊन बसते: आत्ता शेजारी बसलेला माणूस रडायला लागला तर? मिखाएलवरच्या टीकेचं उत्तरही यातच आहे. तो पुळचट आहे, जगबुडीत प्रेयसीचा जप करतो, चिडचिड होते, असं पुष्कळांचं म्हणणं. चिडचिड होते हे खरंच. पण जिथे भावना अनावर झाली की मरण, तिथे प्रेमभंग झालेला माणूस नायक करणं ही चूक नाही, तो मुद्दाम लावलेला सुरुंग आहे. मिखाएल फुइटने तो थोडा सुटलेला, घामेजलेला, ओशाळं हसणारा माणूस बिनचूक उभा केलाय. त्याच्यासमोर थेओ ट्रेब्सचा हार्पर, वयाने लहान आणि अकलेने मोठा. या दोघांत जे जुळतं ते फार घाईत जुळतं, ही तक्रार मात्र रास्त. अजून दहा मिनिटं मिळाली असती तर त्या जोडीला मिळायला हवी होती.

रक्त किती? बेताचं. पांढुरके डोळे, तोंडाला फेस, आणि धावत येणारी अंगं. चिरफाड फारशी नाही. जुन्या वळणाचे चाहते याला झॉम्बी म्हणायलाच तयार नसतात, कारण हे मेलेले नाहीत, आजारी आहेत, आणि रेंगाळत नाहीत, पळतात. तो आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तुमच्यासाठी हा मुद्दा जिव्हाळ्याचा असेल तर दोन्ही चित्रपट सोडा, कारण 'एंडत्साइट'मध्येही पळणारेच आहेत.

दोन शहरं आणि मधलं रान

'एंडत्साइट' म्हणजे शेवटचा काळ. २०१८ साली टोरांटो महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला, जर्मनीत २०१९ मध्ये लागला. दिग्दर्शिका कारोलिना हेल्सगोर्ड, पटकथा ओलिविया फीवेगची, तिच्याच चित्रकादंबरीवरून. कॅमेऱ्यामागची मुख्य खाती जवळजवळ सगळी बायकांकडे, पडद्यावरही पुरुष नावापुरते. यावर काही प्रेक्षक आधीच नाकं मुरडून बसलेले असतात. त्या मतांचा चित्रपट निवडताना काही उपयोग नाही, ती खुशाल बाजूला ठेवा.

साथ येऊन दोन वर्षं झालीत. जर्मनीत दोनच शहरं तगून आहेत, वायमार आणि येना. वायमारमध्ये चावा बसलेल्याला जागच्या जागी संपवतात. येनात म्हणे औषध शोधताहेत. दोन्हींच्या मधे फक्त बिनचालकाची मालगाडी जाते-येते. धाकट्या बहिणीला वाचवू शकली नाही या अपराधाने आतून कोसळलेली विवी, आणि कुंपणावर झॉम्बी मारण्यात तरबेज असलेली एवा, अशा दोघी त्या गाडीत लपून येनाला निघतात. गाडी मधेच थांबते. मग चालणं आलं.

जर्मन माणसाला ही दोन नावं ऐकूनच अर्धी गोष्ट कळते. वायमार हे गटे आणि शिलर या कवींचं गाव, बाउहाउस या कलाशाळेची सुरुवात १९१९ मध्ये तिथलीच; आणि त्याच गावाला लागून बुखेनवाल्डची नाझी छळछावणी होती. येना हे झाइस कंपनीच्या भिंगांचं, सूक्ष्मदर्शकांचं गाव. संस्कृतीचं शहर निष्ठुर आणि विज्ञानाचं शहर दयाळू, ही मांडणी चित्रपट कुठेही बोलून दाखवत नाही. न कळल्याने गोष्ट अडत नाही, पण कळलं तर कुंपणाचे प्रसंग वेगळेच अंगावर येतात.

आता अंतर. खऱ्या नकाशावर वायमार ते येना सुमारे २० किलोमीटर, म्हणजे ठाणे ते कल्याण. एवढ्या रस्त्यात एवढं सगळं घडतं, हे काहींना पचत नाही, आणि हिशेबाने त्यांचं बरोबरच आहे. पण चित्रपट हिशेबाचा नाही. तो परीकथेच्या चालीने चालतो: दोन मुली, रान, आणि रानात भेटणारी एक बाई, जी धड माणूस नाही आणि धड झाडही नाही. ही भूमिका डेन्मार्कच्या ट्रीने ड्यूरहोल्मने केलीय. झॉम्बींच्या अंगावर शेवाळ, पालवी, वेली उगवलेल्या. निसर्ग माणसाची जागा परत घेतोय, आणि ते भयंकर आहे की बरंच झालं, हे चित्रपट ठरवून देत नाही.

इथेच प्रेक्षक दुभंगतात. पहिली वीसेक मिनिटं वायमारमध्ये घडतात आणि ती कसलेल्या झॉम्बीपटाची आहेत. कुंपणाच्या जाळीवर आदळणारी अंगं, एक चावा, आणि चावलेल्या बाईचं काय करायचं याचा एवाने क्षणात घेतलेला निर्णय. इतकं बघून कोणालाही वाटेल, आता पुढे दणका आहे. दणका येत नाही. ऊन येतं, गवत येतं, दोघींची कुरबुर येते, मग मैत्री. जे पहिल्या वीस मिनिटांच्या जोरावर बसले, ते चाळिसाव्या मिनिटाला घड्याळ बघतात. ज्यांना सुरुवातीपासून विवीत रस होता, त्यांना चित्रपट तिथून उघडतो. ग्रो स्वान्त्ये कोलहोफ आणि माया लेरर दोघी उत्तम, पण संवाद मधूनमधून पुस्तकी होतात. माणूस आणि पृथ्वी यावरची एकदोन वाक्यं पात्रांच्या तोंडची न वाटता लेखिकेच्या वहीतली वाटतात.

दिसायला मात्र हा चित्रपट बजेटच्या दुप्पट वाटतो. कारण साधं आहे. ही दोन्ही शहरं ज्या ट्युरिंगेन राज्यात आहेत तिथलं ऊन आणि डोंगरउतार फुकट मिळतात; उजाड शहर उभं करायला पैसे लागतात, रिकामं रान दाखवायला लागत नाहीत. 'राम्बॉक'ने पैसा नाही म्हणून दार लावून घेतलं, 'एंडत्साइट'ने पैसा नाही म्हणून गाव सोडलं.

समोरासमोर ठेवलं तर

भीतीच्या बाबतीत 'राम्बॉक' सरळ पुढे. जागा कोंडलेली, नियम स्पष्ट, आवाज चांगला. चौकात घुमणारा आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही, म्हणून हा चित्रपट टीव्हीच्या पातळ स्पीकरवर बघणं वाया घालवण्यासारखं आहे. कानाला हेडफोन लावा.

मनात राहण्याच्या बाबतीत मात्र पारडं 'एंडत्साइट'कडे झुकतं. दोन दिवसांनी 'राम्बॉक'मधला एखाद-दुसरा प्रसंग आठवतो, 'एंडत्साइट'मधले चेहरे आणि रंग आठवतात. चेहऱ्यातून फुटलेली पालवी जवळून दाखवलेली आहे, आणि ती संगणकाची करामत वाटत नाही, कातडीचाच भाग वाटते. असला मेकअप फसतो तो कडांना: लेटेक्सची, म्हणजे मेकअपच्या रबराची, कड गालावर उचलली गेली की सोंग उघडं पडतं. इथे कडा पानांखाली लपवल्यात. हुशारी आहे ती.

तर्काला कोण पक्कं? 'राम्बॉक'. त्याने घालून दिलेला नियम तो शेवटपर्यंत पाळतो, आणि पिसाळलेल्यांवर इथे जो एक उपाय सापडतो तोही घरातल्याच वस्तूतून. 'एंडत्साइट'मध्ये दोन शहरांना अन्न कुठून, वीज कुठून, असे प्रश्न विचारत बसलात तर ते संपणार नाहीत.

शेवटावरून दोन्हींची भांडणं होतात. 'राम्बॉक'चा शेवट काहींना भाबडा वाटतो, काहींच्या डोळ्यांत पाणी आणतो. बोट ठेवून सांगायचं तर मिखाएल सुरुवातीपासून ज्यासाठी आला होता त्याच्याशीच तो शेवट इमान राखतो. 'एंडत्साइट'चा शेवट उघडा आहे. उत्तर हवं असणाऱ्यांना फसवल्यासारखं वाटणार.

सोबत कोण आहे तेही बघा. घोळक्यात 'राम्बॉक' चालतो, मधेमधे हशाही पिकतो, कारण मिखाएलची फजिती मुळात विनोदीच आहे. 'एंडत्साइट' चार टवाळ मित्रांबरोबर बघितलात तर चाळिसाव्या मिनिटाला कोणीतरी फोन काढणार आणि चित्रपट मेला. तो एकट्याने किंवा दोघांनी बघावा. आणि विवीची मानसिक अवस्था, बहिणीच्या मृत्यूचा अपराधगंड, हे त्यात वरवर आलेलं नाही. घरात तसं दुःख ताजं असेल तर थोडं थांबा.

'झोंबिवली' आवडला असेल तर कुठून सुरुवात करावी? आदित्य सरपोतदारांच्या २०२२ च्या त्या चित्रपटात डोंबिवलीतली चकचकीत इमारत आणि शेजारची वस्ती एका साथीत एकमेकांसमोर येतात. इमारत, शेजारी, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, ही सगळी 'राम्बॉक'ची भाषा. फक्त त्यातल्या गाण्या-विनोदाची, नायकगिरीची अपेक्षा ठेवू नका. जर्मन विनोदी झॉम्बीपटच हवा असेल तर माटियास डिंटरचा २००४ चा 'दी नाख्त डेर लेबेंडन लूझर' आहे: शाळेतली तीन बावळट पोरं, वूडूचा फसलेला विधी, आणि मेल्यावर अचानक वाढलेला भाव. पैसा थोडा जास्त आहे, डोकं थोडं कमी. एकदा बघायला हरकत नाही.

लालभडक रस्ता

'जर्मन लो-बजेट झॉम्बी' म्हटल्यावर जुन्या चाहत्यांच्या डोळ्यांसमोर वरचे दोन्ही चित्रपट येत नाहीत. येतात आन्द्रेआस श्नास आणि ओलाफ इटेनबाख. हौशी, घरगुती, हातात कॅमेरा आला म्हणून केलेले, आणि रक्ताला पारावार नाही असे.

श्नासचा 'झॉम्बी '९०: एक्स्ट्रीम पेस्टिलन्स' १९९१ चा, व्हिडिओवर चित्रित केलेला. विषारी रसायन घेऊन जाणारं विमान कोसळतं, मेलेले उठतात, आणि मग सव्वा तास मित्रमंडळी एकमेकांची आतडी ओढतात. अभिनय नाही, प्रकाशयोजना नाही, संपादन असून नसल्यासारखं. याची ख्याती आहे ती इंग्रजी डबिंगमुळे. ते इतकं विचित्र आहे की काही लोक चित्रपट केवळ त्यासाठी बघतात, तर काहींना त्यातले आवाज विनोदी न वाटता हिणवणारे वाटतात. दुसरी बाजू जास्त खरी आहे. एक व्यावहारिक सूचना: हा ५५ इंची पडद्यावर लावू नका. व्हीएचएस या जुन्या व्हिडिओ टेपमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कितीतरी कमी साठते, त्यामुळे लाल रंग वस्तूच्या कडेबाहेर पसरतो. लहान पडद्यावर ते रक्त वाटतं. मोठ्यावर स्ट्रॉबेरी जेलीचा डाग.

इटेनबाखचा 'प्रेमुटोस' (१९९७) मात्र याच माळेतला असूनही वेगळ्या तोडीचा. लूसिफरच्याही, म्हणजे सैतानाच्याही, आधी स्वर्गातून ढकललेला देवदूत, वेगवेगळ्या शतकांत पुन्हा पुन्हा जन्मणारा त्याचा पोरगा, आणि हे सगळं येऊन ठेपतं बव्हेरियातल्या एका मध्यमवर्गीय घरात, बापाच्या वाढदिवसाला. मुख्य भूमिकेत इटेनबाख स्वतः. स्पेशल इफेक्टही त्याचेच, आणि तेच त्याचं खरं बळ. पुढे व्यावसायिक चित्रपटांतही त्याने ते काम केलं, 'ब्लडरेन' त्यातलाच. 'प्रेमुटोस'वरची मतं वाचताना एक गोष्ट धरून चाला: जवळजवळ प्रत्येकजण शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल बोलतो. त्याआधी तासाभराहून जास्त वेळ कौटुंबिक विनोद, ऐतिहासिक तुकडे आणि पसारा आहे. तो सहन होत नसेल तर शेवटाची मजा येत नाही, कारण ज्यांची चिरफाड होते ती माणसं आपल्याला आधी भेटलेली असतात.

असे चित्रपट जर्मनीतच एवढे का निघाले, याला कायद्याची एक बाजू आहे. तिथे दंडसंहितेच्या कलम १३१ खाली माणसांवरच्या क्रूर हिंसेचं गौरवीकरण करणारी चित्रफीत जप्त करता येते. सॅम राईमीच्या 'द ईव्हिल डेड' या अमेरिकी भयपटाचं प्रकरण थेट जर्मनीच्या संविधान न्यायालयापर्यंत गेलं. १९९२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की कायद्यात 'माणूस' असा शब्द आहे, आणि पिशाच्च किंवा झॉम्बी म्हणजे माणूस नव्हे. मग सरकारने कायदाच बदलला आणि १ एप्रिल २००४ पासून 'माणसासारखे जीव' हे शब्द त्यात घातले. झॉम्बीला कायद्याने माणसाच्या पंक्तीला बसवण्याचा असा मान दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल. बाहेरचे भयपट कापून विकले जात होते, त्या काळात पोरांनी घरच्या घरी न कापलेले बनवायला घेतले. त्या रागाचा, त्या हट्टाचा वास या चित्रपटांना आहे, आणि चाहते त्यांच्यावर प्रेम करतात ते बरंचसं त्यासाठी.

शोधताना आणि लावताना

नावांचा घोळ आधी. 'राम्बॉक' इंग्रजीत 'राम्बॉक: बर्लिन अनडेड' म्हणून मिळतो, ब्रिटनमध्ये 'सीज ऑफ द डेड' म्हणून. एकच चित्रपट दोनदा विकत घेऊ नका. 'एंडत्साइट'चं इंग्रजी नाव 'एव्हर आफ्टर'. नुसतं तेवढं टाकलंत तर सिंड्रेलावरचा १९९८ चा चित्रपट समोर येतो. शोधताना २०१८ साल जोडा. आणि जर्मनीत नुसतं 'झॉम्बी' या नावाने जो मिळतो, तो जॉर्ज रोमेरोचा 'डॉन ऑफ द डेड' आहे, श्नासचा नव्हे.

जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकाकडून डिस्क मागवणार असाल तर प्रांत, म्हणजे डिस्कचा रीजन कोड, तपासा. तिथली डीव्हीडी प्रांत २ ची, भारतातले प्लेअर प्रांत ५ चे. ब्लू-रेला तिथे बी, आपल्याकडे सी. सर्व प्रांत चालणारा प्लेअर नसेल तर डिस्क फक्त शोभेला. वेष्टणावरचा रंगीत चौकोन म्हणजे वयाची अट: निळा १६ वर्षांसाठी, लाल १८ साठी. 'प्रेमुटोस'सारख्यांच्या बाबतीत लाल चौकोन असला म्हणजे चित्रपट अखंड असेल असं नाही. १८ चा शिक्का मिळवण्यासाठीही कापलेल्या आवृत्त्या निघतात. बरेच संग्राहक म्हणूनच ऑस्ट्रियातल्या आवृत्त्या शोधतात, तिथे कात्री सैल आहे.

आवृत्ती कापलेली आहे का हे लांबीवरून ओळखायचं, पण एक सापळा टाळून. युरोपातली जुनी डीव्हीडी सेकंदाला २५ चित्रं दाखवते, चित्रपट बहुधा २४ ने काढलेला असतो. म्हणजे तोच चित्रपट चार टक्के लवकर संपतो: १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत. तेवढा फरक दिसला तर कापलंय म्हणून ओरडू नका. २४ ने भागा, २५ ने गुणा, मग तुलना करा. त्याहून कमी भरलं तर मात्र कात्री लागलीय. ब्लू-रेवर बहुधा हा प्रश्न येत नाही.

आवाज मूळ जर्मनच ठेवा. 'राम्बॉक'मध्ये मिखाएल ऑस्ट्रियाचा आणि बाकीचे बर्लिनचे. त्याची मऊ, लांबवलेली बोली आणि त्यांची तुटक बोली यातूनच तो परका, थोडा हास्यास्पद ठरतो. कोल्हापूरचा माणूस पार्ल्यात येऊन बोलावा तसं काहीसं. डबिंगमध्ये हे सगळं सपाट होतं. सबटायटल नीट तपासून घ्या: साथीचा नियम, शांत राहा, गोळ्या घ्या, हा बातम्यांतून कळतो. यंत्राने केलेल्या सबटायटलमध्ये मागे चालू असलेल्या टीव्हीचे शब्द बहुतेकदा गळतात, आणि मग पुढे माणसं गोळ्यांसाठी जिवावर का उदार होतात तेच कळत नाही. 'नियम मधूनच आला' अशी तक्रार करणाऱ्यांतल्या काहींचं हे असंच झालेलं असणार.

निवडच करायची तर पहिल्यांदा बघणाऱ्याने 'राम्बॉक' लावावा. नाही आवडला तर तासाभराचंच नुकसान, आणि आवडला तर त्याच रात्री 'एंडत्साइट' बघता येतो. दोन्ही मिळून अडीच तासांच्या थोडं वर, म्हणजे एका जुन्या हिंदी चित्रपटाएवढे. क्रम उलटा करू नका. रानातून आल्यावर चौकातली घाई उथळ वाटते, चौकातून रानात गेल्यावर मात्र मोकळा श्वास मिळतो. ज्याला हळू चालणारे, झाडापानांत रमणारे चित्रपट आवडतात आणि झॉम्बी हा प्रकारच बालिश वाटतो, त्याने थेट 'एंडत्साइट'पासून सुरुवात केली तरी चालेल. 'प्रेमुटोस' या दोन्हींच्या रांगेत बसवू नका, त्याला वेगळी रात्र द्या. जेवण मात्र आधी उरकून घ्या. वाढदिवसाची मेजवानी चित्रपटातही आहे, आणि ती धड पार पडत नाही.